टिपका हरवला पाहिजे

आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांविरुद्ध पालकांची पहिली तक्रार आली ती चोरीची. सर मुलांचे खडू चोरतात, आणि तेही एकाच रंगाचे.

तक्रार शंभर टक्के खरी होती. तेलखडूंच्या प्रत्येक पेटीत एक फिकट गुलाबी कांडी असते. पेटीवर काही का छापलेलं असेना, मुलं तिला 'अंगाचा रंग' म्हणतात. माणूस काढला की तोंडाला, हाताला, पायाला तोच रंग फासायचा, मग तो माणूस स्वतःचा बाप का असेना. सरांनी रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात पाचवी ते दहावीच्या सगळ्या पेट्यांतून ही कांडी काढून घेतली आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरून ठेवली. मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं तेव्हा सर शांतपणे म्हणाले, "देतो की परत. फकस्त ह्या रंगाचा माणूस आणून दाखवायचा आन आपली कांडी घेऊन जायची."

मुलांना तेवढं निमित्त पुरलं. महिनाभर तालुक्यात शोधमोहीम चालू होती. एका मुलीने चार दिवसांचा चुलतभाऊ दुपट्यात गुंडाळून, आत्यासकट आणला. सरांनी बाळाच्या गालाला कांडी लावून बघितली आणि म्हणाले, "आज जवळ हाय, पण धा दिवसांनी बदलंल." शिवनेरीच्या सहलीत मुलांनी एक परदेशी पाहुणा गाठला. बिचाऱ्याने हौसेने बाही वर केली. पण गड चढून तो उन्हाने इतका लाल झाला होता की सरांनी त्यालाही नापास केलं. नववीतल्या एका दिवट्याने तर पोत्यातून डुकराचं पिल्लू आणलं. सरांनी ते उचलून नीट न्याहाळलं. "लई जवळ आलास राव," ते म्हणाले, "पण मी माणूस म्हणलं व्हतं."

कांड्या डब्यातच राहिल्या.

आमची शाळा घोडेगावहून डिंभ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला. निम्मी मुलं खालच्या बागायती गावांतली, निम्मी धरणाच्या वरच्या डोंगरातली. वरच्यांची घरं भात-नाचणीवर आणि हिरड्यावर चालतात. एसटी कधी येईल याचा भरवसा नसल्यामुळे ती मुलं वसतिगृहात राहतात. एका बाकावर बसतात, एका हंड्यातलं पाणी पितात, आणि भांडण झालं की खालची मुलं वरच्यांना 'डांबर', 'जळका तवा' म्हणतात. आम्ही शिक्षक ते ऐकायचो आणि "ए, गप्प बसा" एवढं म्हणून पुढचा धडा घ्यायचो. मी विज्ञान शिकवते. त्वचेतल्या रंगद्रव्याचा धडा मी वर्षानुवर्षं शिकवत आले आहे, आकृतीसकट. त्याने एकाही मुलाची शिवी बदलली नाही, हे मला कबूल केलं पाहिजे.

सर दिसायला अगदी साधे. ठेंगणे, डोक्यावर विरळ केस, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी पुठ्ठ्याच्या पट्ट्या. डोळे मात्र अवघड. तुमच्याशी बोलताना ते तुमच्या कोपराकडे, मानेकडे, कानाच्या पाळीकडे बघत बसायचे. पहिल्या दिवशी त्यांनी आमच्या शिपाईमामांना भर स्टाफरूममध्ये सांगितलं, "मामा, तुमच्या कोपराचा रंग लई भारी हाय." मामा पुढे आठवडाभर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून आले.

त्यांचं एक पालुपद होतं. "बघून काढ, ऐकून काढू नको." मुलांनी डोंगर काढला की दोन त्रिकोण आणि मधून उगवणारा सूर्य ठरलेला. सर त्या मुलाला खिडकीपाशी न्यायचे. "समोर अख्खा सह्याद्री उभा हाय. दाव त्यातला तिरकोन." मुलगा डोकं खाजवायचा. "मंग तू ह्यो डोंगर बघून काढला का कुणाचं ऐकून?" इथवर ठीक होतं. पण पुढे पुढे त्यांनी हे माप जगाला लावायला सुरुवात केली. पाणचट चहा आला की "ह्यो चहा ऐकून केलाय". मुख्याध्यापकांची सूचना आली की "ऐकून लिवलीय". मी सहामाहीच्या निकालाचा तक्ता मोठ्या कष्टाने तयार केला तर त्यावरही तेच. वैताग यायचा. एकदा मी म्हटलं, "सर, तुम्ही जेवता तरी बघून का?" ते डब्यातल्या भाकरीकडे बघत म्हणाले, "बघूनच. म्हून तर जेवाया उशीर व्हतो."

सरांचं घराणं जुन्नरकडचं, मेंढपाळ. आता शेती आहे, पण वडिलांच्या काळात मेंढरं होती. सर सांगायचे, "बापाकडं मेंढराच्या रंगाला धा-पंधरा शब्द व्हते. कळपात एक हरवलं तर नुसत्या रंगावरनं सांगायचा कंचं ते. आन माणसाला शब्द किती? दोन. गोरा न्हाईतर काळा."

"तीन," आमच्यातल्या एक बाई म्हणाल्या. त्यांच्या धाकट्या बहिणीचं लग्नाचं बघत होते आणि मधल्या सुट्टीत बायोडाटा लिहिणं चाललं होतं. "गव्हाळ राहिला."

"गव्हाळ म्हंजी कंचा गहू?" सरांनी गंभीरपणे विचारलं. "लोकवन का खपली? लई फरक पडतो."

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने मी हसले, कारण माझ्या बायोडाट्यातही 'गव्हाळ' असंच लिहिलं होतं आणि तो कुठलाच गहू नव्हता. लहानपणी दर रविवारी आई मला बेसन आणि साय चोळायची. आग व्हायची, मी रडायचे, आणि आई म्हणायची, "तुझ्याच भल्यासाठी गं." ते मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं. सरांनाही नाही.

दिवाळीच्या सुट्टीत सरांनी दुसरा गुन्हा केला. शाळेच्या दर्शनी भिंतीवर दप्तर घेऊन उड्या मारत शाळेला निघालेली दोन मुलं रंगवलेली होती, गुलाबी गालांची. सुट्टी संपून आलो तर त्यांचे चेहरे, हात, पाय सगळं बदललं होतं. तशी मुलं आमच्या पटावर शेकड्यांनी होती. शाळा समितीचे अध्यक्ष तणतणत आले. "सर, चांगल्या पोरांना काळं कशापायी केलं?" सर ब्रश धूत होते. म्हणाले, "भाऊ, मागं वळून बघा." मागे मैदानात अध्यक्षांचा स्वतःचा नातू हुंदडत होता. अध्यक्षांनी नातवाकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं आणि चहा न घेता गेले.

पण सरांची खरी करामत म्हणजे पट्टीचा तास. मी तो दारात उभी राहून बघितला आहे. सर विकतचे रंग वापरू द्यायचे नाहीत. गेरू, हळद, काजळी, चुना आणि वरच्या मुलांनी घरून आणलेली हिरड्याची पूड, एवढंच सामान. प्रत्येकाने स्वतःच्या हाताचा रंग मिसळून तयार करायचा. जमला की नाही हे ठरवायला मार्क नव्हते. मिसळलेल्या रंगाचा टिपका मनगटाच्या वर लावायचा. "टिपका हरवला पायजे," सर म्हणायचे. "दिसला की चुकला." मुलं तासभर गेरू-हळदीशी झगडायची आणि टिपका हरवला की किंचाळायची. खालच्या गावातल्या एका मुलाला कळलं की आपला रंग आणि बाकावरच्या डोंगरातल्या मित्राचा रंग यांत फक्त चिमूटभर काजळीचा फरक आहे. तो ती चिमूट बोटांत धरून बराच वेळ बघत बसला होता.

मग तो रंग पुठ्ठ्याच्या पट्टीवर लावायचा आणि खाली त्याचं नाव लिहायचं. गोरा, काळा, सावळा हे शब्द बंद. घरी डोळ्यांनी बघितलेली वस्तू हवी. नावं वाचण्यासारखी होती. 'आजीच्या तव्यावरची नाचणीची भाकरी, उलटायच्या आधी.' 'वाळलेला हिरडा.' 'धरण उतरल्यावरची माती.' पेठकडच्या एका मुलाने लिहिलं, 'बटाटा, धुतलेला.' त्याच्या भावाने लिहिलं, 'बटाटा, न धुतलेला.' साऱ्या पट्ट्या सुतळीवर टांगल्या गेल्या. तपासणीच्या दिवशी मुख्याध्यापकांनी शोभा यावी म्हणून त्या फिक्यापासून गडदपर्यंत अशा लावल्या. सरांनी तपासणी सुरू असतानाच सगळ्या उतरवून हजेरी क्रमांकाने पुन्हा लावल्या.

एका शनिवारी त्यांनी आम्हा शिक्षकांनाही बसवलं. शिपाईमामांचा टिपका पहिल्या फटक्यात हरवला. त्यांनी नाव दिलं 'सायकलची सीट'. माझी पाळी आली. मी घाईघाईने मिसळलं, हाताला लावलं, पट्टीला फासलं. टिपका माझ्या हातावर चुन्याच्या डागासारखा उठून दिसत होता. सर जवळ आले, बघितलं आणि हळूच म्हणाले, "बाई, ह्यो ऐकून काढलाय."

मी पट्टी टेबलावर आपटली आणि तासाला निघून गेले. नाव लिहिलंच नाही.

आता स्नेहसंमेलनाचं सांगते. हे सांगायला मला जड जातं.

सांस्कृतिक विभाग कायम माझ्याकडे. पाहुणे आले की स्वागतगीताला आठ मुली पुढे उभ्या करायच्या, ही आमची पद्धत. त्या मुली मी निवडायचे. कशा निवडायचे, हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि मी स्वतःलाही विचारलं नव्हतं. नीटनेटक्या, स्टेजवर शोभतील अशा, असं मी म्हणायचे. आठही दरवर्षी गोऱ्या निघायच्या. त्या वर्षी अडचण अशी आली की आठांपैकी एकीलाही सूर नव्हता. आवाज होता तो आठवीतल्या अंकिताला. धरणाच्या वरच्या गावातली, वसतिगृहातली मुलगी. रंगाने आठांपेक्षा पुष्कळ गडद. मी तोडगा काढला. अंकिताने विंगेत पडद्यामागे माईकवर गायचं आणि आठ जणींनी पुढे ओठ हलवायचे. तोडगा मला इतका आवडला की मी तो स्टाफरूममध्ये कौतुकाने सांगितला. अंकिताने मान डोलावली होती. मला वाटलं, तिला आवडलं.

सरही तिथे होते. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत आले आणि स्टुलावर बसले.

"बाई, मास्तर व्हायच्या आधी मी नारायणगावला फोटोच्या दुकानात व्हतो. नवऱ्या मुलींचे फोटो ब्रशनं गोरं करायचं काम माझ्याकडं. हात लई चांगला चालायचा. एका पोरीचा फोटो मी असा केला की पावण्यांनी फोटोवर पसंती धाडली. मंग बघाया आले. फोटोतली पसंत पडली, घरातली न्हाई. तिचा बाप दुकानात आला. भांडला न्हाई. फोटो ठिवला काउंटरवर आन म्हणला, 'ही कोण हाय तेवढं सांगा.'" सर उठले. "अंकितानं काल वसतिगृहात तोंडाला कसली तरी गोरं करायची क्रीम फासली. गाल सुजलाय. रेक्टरबाईंनी सांगितलं."

मी दुपारी जाऊन बघून आले. गाल खरंच सुजला होता. "काय न्हाई बाई, डास चावला," अंकिता म्हणाली. मला आईचं बेसन आठवलं. वाईट वाटलं, पण यादी मी बदलली नाही. दोन दिवसांवर कार्यक्रम, साड्या ठरलेल्या, मुख्याध्यापकांना काय सांगायचं, अशी कारणं माझ्याकडे भरपूर होती.

संमेलनाच्या दिवशी दुपारी मी स्टेजवर चढले आणि बघते तर विंगेचा पडदा गायब. सजावट सरांकडे होती. पडद्याच्या जागी सुतळ्यांवर शाळाभरच्या पट्ट्या टांगल्या होत्या, हजेरी क्रमांकाने. मागचं सगळं लख्ख दिसत होतं. माईकपाशी अंकिता उभी, चेहऱ्यावर पांढऱ्या पावडरीचा थर. समोर खुर्च्यांवर गाव बसलेला, आणि पहिल्या रांगेच्या कडेला तिचे वडील. सकाळच्या एसटीने आलेले, मांडीवर टोपी ठेवून बसलेले. सगळे तिच्याकडे बघत होते आणि ती पट्ट्यांच्या आड लपायला बघत होती.

"पडदा कुठंय?" मी विचारलं.

"धुवाया टाकला," सर म्हणाले. चेहऱ्यावर मोठी मोहीम फत्ते केल्याचं हसू.

माझा संताप झाला. "तुम्हाला वाटतं तुम्ही तिला पुढे आणलंत? तिला विचारलंत का? ती लपायला जागा शोधतेय, दिसत नाही तुम्हाला? एवढे बघणारे तुम्ही!"

सरांचं हसू गेलं. त्यांनी अंकिताकडे नीट बघितलं. मग मला म्हणाले, "न्हाई इचारलं, बाई. ह्ये मी ऐकून केलं." त्यांना इतकं ओशाळलेलं मी आधीही बघितलं नव्हतं आणि नंतरही नाही. ते पडदा आणायला धावले. पडदा खरंच धुतलेला, ओला होता.

मी अंकिताजवळ गेले. मुख्याध्यापक घड्याळ दाखवत होते. पाहुण्यांची जीप फाटकात आली होती. माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "अंकिता, माझं चुकलं. तुला पुढं उभं राहून गायचंय का? नको असेल तर पडदा लावते. तू सांगशील तसं."

तिने पट्ट्यांमधून वडिलांकडे बघितलं. ते तिच्याकडेच बघत होते, पण ओळख पटत नसल्यासारखे.

"बाई," ती म्हणाली, "पाच मिन्टं हायेत का? तोंड धुऊन येते."

पाहुणे पाच मिनिटं थांबले. मुख्याध्यापक एकदा माझ्याकडे आणि एकदा आभाळाकडे बघत होते. अंकिता नळावरून आली, ओल्या चेहऱ्याने, सुजलेल्या गालाने, आणि आठ जणींच्या मधोमध उभी राहिली. गायली. सुरुवातीला आवाज कापला, मग मोकळा झाला. आभाळ कोसळलं नाही. पाहुण्यांनी नेहमीसारख्या टाळ्या वाजवल्या आणि नारळ घेतला. कार्यक्रमानंतर तिचे वडील माझ्याकडे आले. "बाई, आदी मला वाटलं दुसऱ्याच कुणाची लेक हाय. तोंड धुतलं तवा कळलं, आपली अंकी." ते हसत होते. मला हसता आलं नाही.

सर गेल्या वर्षी निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी शाल-श्रीफळ बाजूला ठेवून त्यांनी बिस्किटांचा डबा माझ्या हातात दिला. "कुणी ह्या रंगाचा माणूस घेऊन आला तर देऊन टाका." आता ते जुन्नरकडे शेतात असतात आणि दर महिन्याला फोन करतात. "आलं का कुणी?" "नाही आलं, सर." मग आम्ही पावसापाण्याचं बोलतो. डबा माझ्या कपाटात आहे, गच्च भरलेला.

एक सांगायचं राहिलं. त्या संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी पट्ट्या उतरवायला अंकिता आणि मी दोघीच होतो. उतरवता उतरवता ती शिक्षकांच्या पट्ट्यांतल्या एका पट्टीपाशी थांबली.

"बाई, ही तुमची, सर म्हणत व्हते. हिच्यावर नाव न्हाई." तिने पट्टी माझ्या हाताशेजारी धरली. "आन रंग पण तुमचा न्हाई."

मी काहीतरी पुटपुटले. ती ऐकत नव्हती. चित्रकलेच्या वर्गातून तिने वाट्या आणल्या आणि माझा हात सरळ टेबलावर ठेवायला लावला. मिसळायची, टिपका लावायची, मान हलवायची. "अजून गेरू लागंल, बाई. हलू नका." बेसनाने झालेली आग मला चाळीस वर्षांनीही आठवते. हे गेरूचं पाणी गार होतं. चौथ्या का पाचव्या खेपेला तिने बोट उचललं आणि मी माझ्याच हातावर शोधत राहिले. टिपका कुठे लावला होता तेच कळेना.

"हरवला," अंकिता म्हणाली आणि पेन माझ्या पुढे केलं. "आता नाव."

मला फार विचार करावा लागला नाही. हा रंग मी दर रविवारी अगदी जवळून बघितला होता. मी लिहिलं, 'आईचा हात, बेसनात बुडवायच्या आधी.'